देवाची पोच

लोविसाआत्याने आपलं शिवणयंत्र देवाला दिलं आणि ते माझ्या बायकोला मिळालं. आता हे वाक्य विसरा. आमच्या घरात असं काही घडलेलंच नाही.

घडलं नाही ते असं. पीक निघाल्यावरच्या हंगामाच्या रविवारी उपासना संपली, की आमच्या कितेंगा गावच्या चर्चबाहेर फणसाखाली लिलाव होतो. पुकारतो मी, कारण माझा आवाज मोठा आणि लाज कमी. लोक वस्तू देतात, शेजारी बोली लावतात, पैसे चर्चला. वस्तू मोठी असली, तर घेणारा उभा राहून म्हणतो, "देणाऱ्याला परत!" मग टाळ्या. मास्तरांची सायकल अशी चार वर्षं विकली गेली आणि चारही वेळा मास्तर तिच्यावरच बसून घरी गेले. एक कोंबडी तर इतकी मुरली होती, की "एक... दोन..." ऐकताच बांधायला पाय पुढे करायची.

त्या रविवारी रेव्हरंड येकोनिया "आधी देव, मग सामान" यावर दीड तास बोलले. चर्चचं छप्पर गळत होतं. बाबांची धाकटी बहीण लोविसाआत्या विधवा, गावाचे गणवेश शिवून जगणारी. ती आपलं पायमशीन मोटारसायकलला बांधून घेऊन आली. सुईखाली अर्धा शिवलेला गणवेश तसाच.

"आत्या, हे काय! केळ्यांचा घड आणायचास."

"देवाला केळी? त्याला स्वतःची बाग नाही होय रे?"

बाबा पुढे झाले. "लोविसा, घाबरू नकोस. बोली मी लावतो. संध्याकाळी मशीन तुझ्या ओट्यावर."

"दादा, परत घ्यायचं ठरवून दिलं, तर ते देणं कसलं?" आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. रेव्हरंडांनी डोळे पुसले.

भाऊच बोली लावतोय म्हटल्यावर मध्ये कोण पडणार? मी "तीन!" म्हणालो. बाबा उभे राहिले. टाळीसाठी मी हात वर घेतले.

"माझ्या सुनेला," बाबा म्हणाले.

कोंबडीने पुढे केलेला पाय मागे घेतला.

"दादा?"

"तूच म्हणालीस ना, परत नको? देवासमोर दिलेला तुझा शब्द मी मोडू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वर घेतलेल्या हातांचं काहीतरी करायला हवं होतं. मी लिलावाला आलेला एक फणस उचलला आणि ओरडलो, "पुढची वस्तू!"

आत्याने सुईखालचा गणवेश सोडवला, दोरा दाताने तोडला. मग आमच्याकडच्या बायकांच्या रीतीप्रमाणे भावापुढे गुडघे टेकले. "अभिनंदन, दादा."

आता केझिया, माझी बायको, आमच्या ओट्यावर शिवते. रस्त्यापलीकडे आत्या हाताने काजं करते. मशीनचा विषय निघाला की बाबा म्हणतात, "कधीची गोष्ट? ते पहिल्यापासून आपलंच."

गेल्या मंगळवारी आत्या कागद घेऊन आली. माझं अक्षर बरं आहे. मशीनकडे तिने पाहिलं नाही.

"लिही. आणि तुझे विनोद घालू नकोस."

मी लिहिलं:

"प्रति, चर्च समिती, कितेंगा. मी, खाली सही करणारी लोविसा, हिने हंगामाच्या रविवारी एक पायमशीन देवाला दिले. भावाला दिलेले नाही. ते मी परत मागत नाही. तरी सदर वस्तू देवाला मिळाल्याची पोच, त्याच्या सहीशिक्क्यानिशी, लवकरात लवकर देण्यात यावी, ही नम्र विनंती."