खोली बारा

बेसबॉलच्या सामन्यात नवव्या आणि शेवटच्या डावाच्या सुरुवातीला हेरन्स, म्हणजे बगळे, पाच धावांनी पुढे होते, आणि ‘घरटं’ या त्यांच्या चाहत्यांच्या फोरमवर लोकांनी विजयाचे फटाके लावायला घेतले होते. सात विरुद्ध दोन. आणखी तिघांना बाद केलं की आपला संघ नऊ वर्षांनी बाद फेरीत. सामना परगावी होता, त्यामुळे शेवटची फलंदाजी समोरच्यांची. पण पाच धावा म्हणजे गंमत नव्हे.

ग्लेंडा प्रुख्निकसमोर दोन पडदे होते. एकावर कामाचा नकाशा, दुसऱ्यावर घरटं आणि कोपऱ्यात सामन्याचं चित्र. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ती बावीस वर्षं फोन घेत होती. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं लाल बटण दाबायचं आणि ग्लेंडाचा आवाज यायचा, ‘मी आहे इथं, माणूस निघालाय.’ माणूस पोचेपर्यंत ती अडकलेल्याशी बोलत राही. रविवारी दुपारी ऑफिसं बंद, लिफ्टही बंद, म्हणून ती रविवारची पाळी मागून घेई. घरटं सांभाळायचं कामही तिच्याकडेच होतं. शिवीगाळ पुसायची, भांडणं सोडवायची, फारच माजलेल्याला बाहेर काढायचं. पगार नव्हता, पण चार हजार माणसं तिला नावानं ओळखत.

“ग्लेंडा, शॅम्पेन थंड केलीस का ग?” ‘पिवळीटोपी’ या नावानं लिहिणाऱ्या एकानं विचारलं.

“ऑफिसात आहे. नळाचं पाणी पिऊन साजरा करीन,” तिनं लिहिलं.

हेरन्सचा टॉबिन हॅवलिक चेंडू हातात घेऊन उभा राहिला. सामन्याचा शेवट नेहमी त्याच्याच हातून व्हायचा. उंच, खांदे पाडून चालणारा, चौतिशीचा माणूस. घरट्यावर त्याला कुलूप म्हणत.

तेवढ्यात एक ओळ उमटली. लिहिणाऱ्याचं नाव होतं ‘खोली बारा’.

“पहिल्याला चार चेंडू बाहेर टाकेल. फुकट बेस देईल.”

टॉबिननं चार चेंडू बाहेर टाकले. फलंदाज चालत पहिल्या बेसवर गेला.

“मुहूर्त बघून बोलला रे हा,” कुणी तरी लिहिलं. मग पुढचे दोघे सरळ बाद झाले आणि खोली बाराचा सगळ्यांना विसर पडला. आता एकच. लोक उरलेल्या चेंडूंची उलटी गिनती लिहू लागले.

“तिसऱ्या बेसवाल्याच्या हातून सुटेल.”

लोळत आलेला साधा चेंडू तिसऱ्या बेसवाल्याच्या हातमोज्याला लागून बाजूला गेला.

“पुढच्याच्या कोपराला लागेल.”

चेंडू फलंदाजाच्या कोपरावर बसला. नियमाप्रमाणे तोही कळवळत पहिल्या बेसवर गेला. तिन्ही बेस भरले.

“अरे याच्याकडे रेडिओ आहे,” बार्बराच्या नवऱ्यानं लिहिलं. हे त्याचं घरट्यावरचं नाव. “आपल्याला चित्र अर्धा मिनिट उशिरा दिसतं. हा रेडिओ ऐकून भविष्य सांगतोय.”

“मी स्टेडियममध्ये बसलोय, रांग चौदा,” दुसऱ्यानं उत्तर दिलं. “माझ्या डोळ्यांना दिसायच्या आधी याची ओळ येतीये. देवाशपथ.”

ऐन सामन्यात, चार हजार माणसं हजर असताना, पडदा हलेना. ग्लेंडाला वाटलं इंटरनेट गेलं. मग ओळ आली.

“उजव्या कोपऱ्यात जाईल. तिघंही धाव पुरी करून घरी येतील.”

तिनं सामन्याचं चित्र बघायचं टाळलं. ती ओळीकडेच बघत राहिली. काही सेकंदांनी छोट्या स्पीकरमधून गर्दीचा आवाज आला, परक्या गावाच्या आनंदाचा. सात विरुद्ध पाच.

घरटं पेटलं. “बगळ्यांनी मान टाकली.” “कुलूप कसलं, नुसती कडी आहे ती.” “हॅवलिक, येताना चालत ये, विमानात बसायची लायकी नाही.” याहून वाईटही होतं. ग्लेंडा पुसत होती आणि पुसता पुसता नवं येत होतं. पण निम्म्या शिव्या आता खोली बाराला होत्या. पनवती, अवलक्षणी, विरोधकांचा हेर. “ग्लेंडा, झोपलीस का? हाकल त्याला! तो लिहितो तसं होतंय!”

“पुढच्यालाही फुकट बेस.”

आणि पुढच्यालाही फुकट बेस मिळाला.

ग्लेंडा शहाणी बाई होती. ओळ लिहिल्यानं चारशे मैलांवरचा चेंडू वळत नाही हे तिला कळत होतं. लिफ्टमधून ओरडणाऱ्यांची तिला कधी काळजी वाटत नसे. जे शांतपणे, मोजून बोलतात त्यांना ती आधी विचारायची, तुम्ही ठीक आहात ना? हा माणूस तसाच बोलत होता. एरवी तिनं त्याला विचारलं असतं. पण आज तिला पुढची ओळ यायलाच नको होती. तिनं खोली बाराला बाहेर काढलं.

“शाब्बास!” पिवळीटोपीनं लिहिलं. “आता बघा.”

पुढचा चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीवरून प्रेक्षकांत गेला. तिघं धावून आले. आठ विरुद्ध सात. सामना संपला, मोसम संपला. टॉबिन हॅवलिक आपल्या जागीच खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

बाहेर काढलेल्या माणसाला घरटं सांभाळणाऱ्याकडे एक अर्ज करता येई. साडेचारला ग्लेंडानं तो उघडला.

“बाई, माझं नाव एमेट हॅवलिक. टॉबिन माझा मुलगा. माझी एक ओळ लिहायची राहिलीय. मला आत घ्या. क्लोव्हर स्ट्रीटचा वृद्धाश्रम, खोली बारा.”

अर्जावरची वेळ शेवटच्या चेंडूच्या आधीची होती.

तिला तिथल्या तिथं दार उघडून देता आलं असतं. बोट बटणावर गेलंही. पण पाचच्या पाच ओळी खऱ्या झाल्या होत्या, आणि सहावी काय असेल ते वाचायचा तिला धीर होईना. पाचला पाळी संपली. क्लोव्हर स्ट्रीट तिच्या घरच्याच वाटेवर होता.

खोलीत एक वाळलेला म्हातारा खिडकीकडे तोंड करून बसला होता. मांडीवर टॅबलेट, हात सारखे थरथरत. रेडिओ होता, पण बंद. टीव्ही नव्हताच.

“मिस्टर हॅवलिक, मी ग्लेंडा. घरट्यावरची.”

“तूच होय,” म्हातारा म्हणाला. आवाजात राग नव्हता. “बस पोरी.”

“तुम्हाला कसं कळत होतं? रेडिओवर ऐकत होता?”

“रेडिओ मी आठव्या डावातच बंद केला. टॉबिन आला की मला ऐकवत नाही.”

“मग?”

“मला काही कळत नव्हतं. मला भीती वाटत होती, तेवढंच मी लिहीत होतो.” त्यानं हात मांडीखाली दाबून धरले. “त्याची आई आजारी पडली तेव्हा मी वाईट काही मनातसुद्धा आणलं नाही. सगळे म्हणायचे, चांगलं चिंता. ती गेली. तेव्हा मी ठरवलं, पोराच्या बाबतीत जे जे वाईट होऊ शकतं ते आधीच लिहून टाकायचं. लिहिलेलं घडत नाही. पंचवीस वर्षं नाही घडलं बघ. कपाटात डबे भरलेत कागदांचे.”

“आणि आज?”

“गेल्या हिवाळ्यापासून पेन्सिल धरवत नाही. इथल्या नर्सनं हे यंत्र दिलं. इथं बोट लावलं की अक्षर उमटतं. मला वाटलं, लिहिणं ते लिहिणंच.” तो थांबला. “कागद कुणी वाचत नव्हतं. इथं सगळे वाचत होते. तेच चुकलं का, तू सांग.”

ग्लेंडानं खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

“भिंतीवरून जाणारा चेंडू मला लिहायचाच होता,” म्हातारा म्हणाला. “तेवढ्यात तू दार लावलंस.”

“माझं चुकलं.”

“ते जाऊ दे. दोन तास झाले, तो फोन घेत नाहीये. हॉटेलातून कुठं तरी निघून गेला म्हणतात. सामान तिथंच आहे.” त्यानं टॅबलेट तिच्यापुढे सरकवला. “मला आत घे. एवढं एक लिहितो.”

काय लिहायचंय हे तिनं विचारलं नाही. खिडकीबाहेर अजून उजेड होता, पण खोलीत जणू तो येत नव्हता. तिनं टॅबलेट उचलून पलंगावर पालथा ठेवला. कपाटातून एक कोरा कागद घेतला, पर्समधलं पेन काढलं, म्हाताऱ्याच्या थरथरत्या मुठीत दिलं, आणि ती मूठ आपल्या हातात घट्ट धरली.

“सांगा,” ती म्हणाली.

“अक्षर तुझं होईल.”

“हात तुमचाच आहे.”

त्यानं सांगितलं. पाच शब्द होते, पहिला टॉबिनचं नाव. शेवटच्या शब्दाला तिचा हात अडला; म्हाताऱ्याच्याच हातानं तिला ओढत पुढं नेलं. त्यानं कागदाची घडी केली, डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

मग दोघं फोनची वाट बघत बसले. नर्स जेवणाचं ताट ठेवून गेली. त्यातलं सूप निवलं, त्यावर साय धरली तरी कुणी हललं नाही.

फोन वाजला तेव्हा म्हातारा दचकला नाही. पाच वेळा वाजू दिला. नाव बघायला ग्लेंडा वाकली, तर त्यानं पडद्यावर तळवा ठेवला. मग उचलला, कानाला लावला. पलीकडून कुणी बोलत नव्हतं, फक्त मोठ्या रस्त्यावरून गाड्या जाव्यात तसा आवाज येत होता. म्हाताऱ्यानं तो बराच वेळ ऐकला.

“जेवलास का?” तो म्हणाला.

ग्लेंडा कोट घेऊन बाहेर आली, दार हलकेच ओढून घेतलं. व्हरांड्यात चाकांच्या खुर्च्यांत तीन म्हाताऱ्या आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडद्यावर तोच चेंडू पुन्हा दाखवत होते. तो वर चढला, भिंतीकडे निघाला, आणि ग्लेंडा कोटात एकच हात घातलेली तिथंच थांबली. तो या वेळी भिंतीच्या आत पडतो का ते बघत.