शहाची मर्यादा

रविवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, बसवनगुडीतल्या एका सभागृहात, उपेंद्र देवधरांचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम हातात आलेला डाव वेळ संपून हरला. एक अख्खा हत्ती जास्त होता. पडद्यावर त्याचा विचार अजून चालूच होता.

"काय अण्णा," पंच श्रीधरराव हसले. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या बंगळूरच्या. "स्वल्प घड्याळाकडं बघायला शिकवायचं होतं की त्याला!"

प्रोग्रॅम एरवी बारा चाली पुढचं पाहून थांबे. पण शेवटच्या चालीला शह असेल तर तिथे थांबून चालत नाही. राजावर हल्ला असताना डाव कुणाचा, हे ठरवता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी एक चाल आणखी पाहायची. या जादा चाली आठच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत, ही मर्यादा वल्लरीनं, त्यांच्या मुलीनं, घातली होती. ऑफिस सांभाळून आठ महिने ती जे. पी. नगरहून दर रविवारी येत होती. प्रोग्रॅमवर आता दोघांची नावं होती.

उपेंद्रना ती मर्यादा खुपायची. "शह चालू असताना डोळे मिटायचे?"

"बाबा, मोकळ्या पटावर वजीर सुटला की शहांना अंत नसतो. आणि तुमचा प्रोग्रॅम विचाराची एक फेरी पुरी झाल्याशिवाय घड्याळ बघत नाही. आधी ते बदला."

"ते वीस वर्षं चाललंय."

कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही त्यांनी तिथली शिस्त सोडली नव्हती. प्रत्येक बदल वहीत लिहायचा, तारीख घालायची, दोघांनी सह्या करायच्या. स्पर्धेच्या दिवशी सकाळी सात वाजता, बनशंकरीच्या घरी, त्यांनी मर्यादा काढून टाकली आणि वही उघडली नाही.

"पण झालं काय नेमकं?" श्रीधररावांनी विचारलं.

"पोरीनं शहांचं काहीतरी नवं घातलं होतं," उपेंद्र म्हणाले. "ते आडवं आलं."

वल्लरी दोन कॉफ्या घेऊन मागेच उभी होती.

"माझी मर्यादा चुकली, बाबा?"

"घरी बघू."

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. कॉफी टेबलावर ठेवली, लॅपटॉप उचलला आणि रिक्षा करून गेली.

वहीत नसलेला बदल कुठेच नसतो, असं उपेंद्र तीस वर्षं मानत आले होते. वल्लरीनं मार्चमध्येच कॉम्प्युटरवर आपोआप नोंद होण्याची सोय केली होती, वेळ आणि नावासकट. हे त्यांना आठवलं ते मेट्रोच्या जिन्यावर.

सहा वाजून पाच मिनिटांनी तिचा मेसेज आला: "७:०४ ची नोंद पाहिली."

त्यांनी लिहिलं, "पोचलीस का नीट?" मग, "श्रीधरराव पुढच्या वर्षीही या म्हणतात." मग, "आईनं तुझ्यासाठी थालीपीठ ठेवलंय."

तिन्ही मेसेज वाचले गेले.

सात वाजून चाळीस मिनिटांनी फोनवर सूचना आली: प्रोग्रॅममध्ये एक नवा बदल, नाव वल्लरी देवधर. मर्यादा परत आली की प्रोग्रॅमवरचं तिचं नाव गेलं, ते पाहायला सूचना उघडावी लागते. साडेआठपर्यंत त्यांनी ती उघडलेली नव्हती.