काचकापडाची टोपी

१९६७ साली अमरावतीच्या एका कॉलेजात संशोधनाच्या अग्निबाणासाठी टोकाची टोपी बनवायचं काम आलं. भातकुलीच्या डोमाजींची मुलगी मनकर्णा तिथं रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या जोडीला यंत्रशास्त्राचे खुशालराव होते. एकाच कवचानं उड्डाणाचा दाब सोसायचा, ताप अडवायचा आणि आतल्या यंत्राचा रेडिओसंदेशही बाहेर जाऊ द्यायचा, अशी अट होती.

"आत लोखंडाची जाळी घाला, मनकर्णाबाई," खुशालराव म्हणाले. "मंग दाबाची काळजीच नाई."

"जाळीनं संदेश अडते, सर. मंग टोपी वर पाठवून काय करायचं?"

तिनं काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवून साच्यावर थर चढवले. ते एकजीव व्हायला बराच वेळ सारखी आच लागणार होती, अन् कॉलेजची भट्टी ओंजळीएवढी. शेवटी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या गफूरभाईंनी त्यांची बेकरीची भट्टी दिली.

टोपी निघाली. संदेश आरपार गेला, तापही तिनं सोसला. दाबाखाली मात्र बुडाशी उभी चिरली.

"आता तरी जाळी घाला," खुशालराव म्हणाले.

मनकर्णानं चीर पाहिली. सगळे थर तिनं एकाच दिशेनं चढवले होते, म्हणून आडवा जोर पेलला नव्हता. नव्या टोपीत तिनं दर थराला कापड तिरकं फिरवलं आणि पुन्हा अकोला गाठलं. गफूरभाई दारातच आडवे आले.

"त्या राळेच्या वासानं माये पाव कोणी घेतले नाई, बाई. आता नाई जमत."

ती त्यांच्या बाजूनं आत गेली. पदर खोचून तिनं भट्टी घासून काढली, बाभळीचा जाळ घालून वास घालवला. गफूरभाई जवळ आले.

"काहून एवढं करून राहिल्या?"

"ही टोपी टिकली पायजे, गफूरभाई."

"जुम्म्याले बेकरी बंद राहते. तवाच टोपी आणा. अन् भट्टी अशीच घासून द्या."

दुसरी टोपी दाबाखाली टिकली. अग्निबाण उडाला, वरून संदेश येत राहिला आणि मग सारं समुद्रात पडलं. खुशालरावांनी ही बातमी आनंदानं सांगितली.

"टोपी सापडली का?" तिनं विचारलं.

"कशाची सापडते आता?"

तापानं वरचे किती थर जळाले, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. क्षणभर वाईट वाटलं. मग ती वर्गावर गेली.