खाबुऱ्याचे शुक्रवार

पूर्वाच्या मनात पाल चुकचुकली ती रुस्ताकला, गरम पाण्याच्या झऱ्याच्या वाटेवर. तिच्या वडिलांनी, शांतारामांनी, गाडीची काच खाली करून एका दुकानदाराला झऱ्याचा रस्ता विचारला.

एरवी यात काही वावगं नव्हतं. पण शांताराम म्हणे रुस्ताकलाच राहत होते. शेतांवरचे पंप आणि इंजिनं दुरुस्त करत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं ओमानात काढली. मालवणजवळच्या घरी पत्र यायचं, पुढे फोन यायचा, तो ‘रुस्ताकहून’. आणि आज त्यांना तिथला झरा ठाऊक नव्हता, किल्ला कुठल्या अंगाला ते सांगता येत नव्हतं, बाजारात तर ते पाहुण्यासारखे बावरून उभे राहिले.

“इतक्या वर्षांत सगळा बदलला,” ते म्हणाले.

किल्ला कुठे बदलतो, असं पूर्वाच्या ओठांवर आलं होतं. पण शेजारी नवरा होता, मागे मुलगी होती. 

शांताराम लेकीकडे पहिल्यांदाच राहायला आले होते. आई, मैना, आदल्या वर्षी गेली. घर खायला उठतं म्हणून सागरने, पूर्वाच्या नवऱ्याने, सासऱ्यांचा व्हिसा काढला. मस्कतच्या वादी अदाई भागात पूर्वा-सागरचा फ्लॅट होता. आसपासच्या मराठी कुटुंबांचा एक ग्रुप होता आणि गुरुवार उजाडला की त्यावर शुक्रवार-शनिवारचे बेत येऊन पडत. कधी डोंगरातली पायपीट, कधी मुलांसाठी मातीकाम, मोठ्यांसाठी योगासनं, कुठे खजुराच्या बागेत सहल. सागर त्यातला एखादा बेत उचलायचा आणि सगळे निघायचे. शांताराम नेतील तिथे जायचे, देतील ते खायचे. त्यांना कशातच गोडी नव्हती.

रुस्ताकहून आल्यावर मात्र एका गुरुवारी सागर ग्रुपवरचे बेत मोठ्याने वाचत होता. खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर दर शनिवारी सकाळी बायका-मुलांसाठी पोहण्याचा वर्ग, शिकवणाऱ्या रुबिना. एवढं ऐकलं आणि शांतारामांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“थंय जाऊया,” ते म्हणाले.

सागर हसला. खाबुरा चांगला दोन तासांवर होता आणि पोहायचं तर मस्कतातही होत होतं. पण शांतारामांनी हेका सोडला नाही. रेवाला पोहता यायला हवं, समुद्राकाठच्या माणसांची नात ती, असं काहीबाही बोलत राहिले. आठ वर्षांच्या रेवाने इंग्रजीत विचारलं की समुद्र थंड असेल का. आजोबांना ते कळलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्वा गॅलरीत कपडे घ्यायला गेली तर ते पाठमोरे उभे राहून फोनवर दबक्या आवाजात बोलत होते. तिला शेवटचे शब्द तेवढे ऐकू आले. “शनिवारी, इन्शाल्ला. लेक पण येता.” चाहूल लागताच त्यांनी फोन खिशात टाकला.

आता पूर्वाला जुन्या गोष्टी आठवायला लागल्या. गावात पाणवठ्यावर बायका आईला चिमटे काढायच्या. तिकडे गेलेला बाप्या इतकी वर्षं एकटा कसा राहतो गं, असं हसत विचारायच्या. आई कधी उलटून बोलली नाही. पण बाबा रजा संपवून परत निघाले की ती बरेच दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे. पूर्वाला तेव्हा ते बाबांच्या जाण्याचं दुःख वाटायचं. आता वाटू लागलं, आईला काहीतरी माहीत होतं.

तिने सागरला सांगितलं. सागर म्हणाला, म्हातारा माणूस आहे, जुन्या ओळखीत जाऊ दे. तू उगाच कोर्ट मांडू नकोस. पूर्वाने मग बोलणं सोडलं, पण शनिवारी निघताना तिने मुद्दाम बाबांना पुढे सागरशेजारी बसवलं आणि स्वतः मागे बसली. तिला त्यांच्यावर नजर ठेवायची होती.

महामार्ग सुटला तसा शांतारामांच्या अंगात जीव आल्यासारखं झालं. नकाशा दाखवणारा फोन सागरने पुढे लावला होता, पण ते त्याच्याही आधी सांगत होते. ह्या मशिदीकडे उजवीकडे. पुढे पाण्याची टाकी लागेल. इथे शेताच्या कडेने. रुस्ताकात वाट विचारणारा माणूस इथे डोळे मिटून चालला असता.  आता तिला संशय राहिला नव्हता, फक्त चेहरा बघायचा राहिला होता.

किनाऱ्यापासून थोडं आत, खजुरांच्या पलीकडे, एका पांढऱ्या घरापुढे त्यांनी गाडी थांबवायला लावली. दार उघडंच होतं. काळा अबाया घातलेली एक बाई लगबगीने बाहेर आली. पूर्वाने तिच्याकडे नीट पाहिलं. बाई तिच्याच वयाची होती. म्हणजे जे मनात होतं ते नव्हे. मग काय? आणि तेवढ्यात त्या बाईने शांतारामांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली,

“बाबा, इलंस? वाटेक त्रास नाय ना झालो?”

स्वच्छ मालवणी. तिच्या आईच्या तोंडचे असावेत असे हेल. पूर्वाच्या स्वतःच्या मुलीला एक वाक्य धड मराठीत बोलता येत नव्हतं आणि ओमानच्या ह्या कोपऱ्यातली परकी बाई तिच्या बापाला बाबा म्हणत होती.  ही बहीण, तिने मनात म्हटलं. माझी बहीण.

सागरने एकदा पूर्वाकडे, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि रेवाचा हात धरून तो बळंच खजुराची झाडं दाखवायला लागला.

आतून काठी टेकत एक म्हातारा आला. उंच, वाकलेला, पांढरी दाढी. तो शांतारामांच्या गळ्यात पडला तो बराच वेळ सुटेना. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. हा सुफियान, पोहायला शिकवणाऱ्या ह्या रुबिनाचा बाप, शांतारामांनी ओळख करून दिली. बलुची होता, त्याची होडी होती, होडीचं इंजिन शांतारामांनी कितीदा तरी उघडून बसवलं होतं. रुबिना रांगती होती तेव्हाच तिची आई वारली.

पूर्वाने सगळं ऐकून घेतलं. चहा झाला, खजूर झाले. रुबिना रेवाला घेऊन किनाऱ्याकडे गेली, सागरही त्यांच्यामागे निघाला, सुफियान काठी टेकत आत गेला. तेव्हा पूर्वा वडिलांना अंगणात घेऊन गेली.

“ती कोण तुमची?” तिने विचारलं. “खरं सांगा. आई आता नाही. मला तरी सांगा.”

शांतारामांना प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा ते कट्ट्यावर बसले.

मग ते बोलले. सुरुवातीला अडखळत, पुढे भडाभडा. कामावर भाषा कळणारं कुणी नव्हतं. शुक्रवारी सुट्टी, आणि त्या सुट्टीचं करायचं काय हेच समजेना. खोलीत बसलं की गाव डोळ्यांपुढे यायचं. सुफियानने एकदा घरी जेवायला बोलावलं. तिथे आईविना पोर होती. पुढच्या शुक्रवारीही ते गेले आणि मग जातच राहिले. मासे आणायचे, आमटी करायची आणि जेवण झालं की पोरीला समुद्रावर न्यायची. पोहायला त्यांनीच शिकवलं. बोलायला कुणी नाही म्हणून तिच्याशी आपल्या भाषेत बोलायचे. ती शिकत गेली.

“तुझ्याच वयाची होती,” ते म्हणाले. “तुका शिकवचा ऱ्हवला, ता तिका शिकयलंय.”

पूर्वाला वाटलं होतं की पाप ऐकायला मिळेल. पाप असतं तर तिला मोकळेपणी संतापता आलं असतं. हे ऐकून मात्र बापाला कुठे दोषी धरावं तेच तिला कळेना. तिच्या घरामागे खाडी होती आणि तिला आजही पोहता येत नव्हतं. बाप रजेवर येईल तेव्हा शिकवेल म्हणून आईने तिला कधी पाण्यात उतरू दिलं नव्हतं. बाप यायचा आणि छप्पर शाकारण्यात, देण्याघेण्यात रजा संपून जायची.

“मग रुस्ताक कशाला सांगितलंत?”

पहिल्या रजेत त्यांनी मैनाला सगळं सांगितलं होतं. एक पोर आहे, तिला पोहायला शिकवतो, असं कौतुकाने सांगितलं. मैनाने ऐकून घेतलं आणि रजा संपेपर्यंत ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. पोर तिने मान्य केली, पण पोरीमागे बाई नाही हे तिला पटेना. परत आल्यावर त्यांनी कळवलं की खाबुरा सोडला, आता रुस्ताकला आहे. तिच्या जिवाला शांतता मिळेल असं त्यांना वाटलं.

“मिळाली?”

 “नाय,” ते म्हणाले.

पूर्वा तिथून उठली आणि किनाऱ्यावर गेली. बायका-मुलांचा वर्ग असल्याने पुरुष दूर सावलीत बसले होते. सागरही तिथेच होता. पाण्यात दहाबारा मुलं होती, काही ओमानी, काही केरळची, एक रेवा. मध्ये कमरेइतक्या पाण्यात रुबिना उभी होती आणि ओरडत होती, “पाय मार, पाय मार. तोंड वर. भिया नको.” मुलं ते ऐकून पाय मारत होती. रेवा सोडली तर त्यातल्या एकालाही ही भाषा कुठली ते माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी पोहण्याची भाषाच ती.

पूर्वा काठावर उभी राहून ते ऐकत राहिली. बाबांचे शब्द रुबिनाच्या तोंडून ह्या परक्या मुलांपर्यंत पोचले होते. खोटं इतक्या लांबवर पसरत नाही, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिने चपला काढल्या.

वर्ग संपल्यावर दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. दोघी हिंदीत बोलल्या, कारण पूर्वाला मालवणीत बोलण्याचा धीर होईना. बाबा आमच्याबद्दल काही सांगायचे का, तिने विचारलं.

रुबिना हसली नाही. सतत सांगायचे, ती म्हणाली. हे पूर्वाला आवडलं असतं, हे पूर्वाला दाखवलं असतं. लहानपणी तुझं नाव निघालं की मी पाण्यातून बाहेर येऊन बसायचे. आज तू येणार म्हटल्यावर मला रात्रभर वाटत होतं की तू भांडायला येते आहेस.

“भांडायलाच आले होते,” पूर्वा म्हणाली.

परतीच्या वाटेवर रेवा मागे झोपून गेली. सागर गाडी चालवत होता. पूर्वाने वडिलांना एकच सांगितलं. आईशी खोटं बोललात ते चुकलंच, त्यावर पांघरूण मी घालू शकत नाही. शांताराम म्हणाले, घालू नको.

ते परत गावी जाईपर्यंत उरलेल्या बहुतेक शनिवारी सगळे खाबुऱ्याला गेले. ग्रुपवरचे बाकीचे बेत मागे पडले. शांताराम गावी गेल्यावरही पूर्वा अधूनमधून रेवाला घेऊन जाते. रेवा आता खोल पाण्यात जाते. पूर्वाला पाठीवर तरंगता येतं, त्यापुढे तिची मजल गेलेली नाही. रुबिना तिला रागावते, सुफियान खजूर बांधून देतो. दारात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात काय काय आलं होतं, ते मात्र पूर्वाने रुबिनाला कधी सांगितलं नाही.