पाणघोड्याचं पडणं

"बाई, जरा वाईट पडता येईल का तुम्हाला?"

मी मॅटवरून उठता उठता तिच्याकडे पाहिलं. ही दिग्दर्शिका एवढीशी असल्यापासून माझ्याकडे ज्युदो शिकायला यायची. नाक पुसायला रुमाल मीच द्यायचे. आता गळ्यात हेडफोन अडकवून ती मला सांगत होती, वाईट पडा.

"वाईट म्हणजे कसं, बाळ?"

"म्हणजे तुम्ही पडता ना, ते फार छान दिसतं. पाणघोडा छान नाही पडत, बाई. तो शिंपी आहे. जन्मात कधी मारामारी केलेली नाही. बगळ्याची पहिली लाथ बसली की तो धपकन पडला पाहिजे. लोक हसले पाहिजेत."

चित्रपट कार्टूनचा होता. प्राण्यांच्या गावावर लांडग्यांची टोळी चालून येते, आणि एक म्हातारा बगळा त्या गावातल्या जाड्या पाणघोड्याला लढायला शिकवतो. त्या पाणघोड्याच्या सगळ्या हालचाली मी करायच्या होत्या. अंगात घट्ट काळा पोशाख, त्यावर प्रत्येक सांध्याशी चिकटवलेले चमकते गोळे आणि भोवती कॅमेरेच कॅमेरे. मी हात उचलला की संगणकात पाणघोडा हात उचलणार. माझ्या वयाच्या आणि माझ्या घेराच्या बाईने तो पोशाख घालून चार लोकांत उभं राहणं हेच खरं धाडस. लाथा-बुक्क्या त्यापुढे काहीच नाहीत.

लाथा चांगल्या झाल्या होत्या. उड्याही झाल्या. घोडं अडलं ते पडण्यापाशी.

मी पुन्हा पडले. हनुवटी आपोआप छातीशी गेली, पाठ गोल झाली, आणि अंग टेकता टेकता हाताने मॅटवर सणसणीत थाप मारली. आमच्याकडे सगळ्यात आधी हेच शिकवतात. पडण्याचा मार त्या थापेत जातो, हाडापर्यंत पोचत नाही. नवीन मुलं आली की मी त्यांना कितीतरी दिवस नुसतं पडायलाच लावते. पालक कुरकुरतात, पोरं काय नुसती लोळायला पाठवतो का म्हणून. लोळू देत. पडता आलं की बाकीचं येतं.

"छान!" दिग्दर्शिका रडकुंडीला येऊन म्हणाली. "परत छान!"

"अगं, उभा जन्म मी छान पडायला शिकवलंय. आता अंगच ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

"उद्या बघू," ती म्हणाली. तिच्या 'बघू'चा अर्थ मला कळत होता. उद्याही जमलं नाही, तर पडण्यापुरतं दुसरं कुणीतरी आणणार. मला, पडायला, बदली माणूस! कान नुसते लाल झाले माझे.

घरी आले तर आमचे हे खिडकीतल्या खुर्चीत, मी सकाळी सोडून गेले होते तसेच. शेजारी चालायचा वॉकर, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला.

"चाललात का आज?"

"हो, संडासापर्यंत."

"जिन्यापर्यंत चला म्हणाले होते मी."

"उद्या."

हे 'उद्या' ऐकून ऐकून माझं डोकं फिरायची वेळ आली होती. खुब्याचं हाड जुळून कितीतरी महिने झाले होते. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून मला दाखवला होता, बघा, काही राहिलेलं नाही, आता नुसती भीती आहे. भीतीला काय प्लास्टर घालायचं?

आणि हा माणूस म्हणजे साइनबोर्ड रंगवणारा. सगळी हयात शिडीवर गेली. शहरातल्या उंच उंच दुकानांवरची अक्षरं यांच्या हातची. एका हातात डबा, एका हातात ब्रश, आणि शिडीवरून खाली माझ्याशी गप्पा! मी ओरडायचे, अहो, कशाला तरी धरा. तिथून कधी पडले नाहीत. पडले कुठे, तर स्वयंपाकघरात, सपाट फरशीवर, चहाचा डबा काढताना. पायाखाली पाणी आलं आणि संपलं. मी तिथेच होते, कप हातात घेऊन. पडताना त्यांनी दोन्ही हात वर केले आणि हवेतच काहीतरी धरायला गेले. मग अर्धवट वळले, बसल्यासारखे झाले, बसता बसता घसरले आणि कुशीवर आपटले. वरून डबा. चहापत्ती सगळी डोक्यावर. आणि एवढं होऊन यांनी आधी काय केलं असेल? हाताने चाचपून चाचपून चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला, आणि मग म्हणाले, "आई गं."

दवाखान्यातून आल्यावर मी म्हटलं होतं, अहो, मी शिकवते तुम्हाला पडायला. एकदा पडता आलं की भीती जाते. तर म्हणाले, "पडायला काय शिकायचंय? ज्याला पडायचंय त्याने शिकावं. मला पडायचंच नाहीये." घरातल्या घरात माझी सगळी विद्या त्यांनी एका वाक्यात निकालात काढली. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. नंतर विषयच काढला नाही.

हे बोलायचे ते एकाच गोष्टीवर. मी चपला काढते न काढते तोच विचारायचे, "काय केलं आज आपल्या पाणघोड्याने?" आपल्या! त्यांनी वहीच्या कागदावर त्याची चित्रंसुद्धा काढली होती, गळ्यात मापाची फीत, कानामागे खडू.

"पडला," मी म्हटलं. "छान पडला म्हणून शिव्या खाल्ल्या."

मी सगळं सांगितलं. ते खदखदून हसले. "म्हणजे मास्तरीणबाई नापास!"

"हसा तुम्ही. तुमचं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी मी पडले, परत पडले, आणखी पडले. दिग्दर्शिका डोकं धरून बसली होती. कॅमेऱ्यावरची माणसं घड्याळं बघत होती. शेवटी ती माझ्याजवळ आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही दमलात. हा एक शॉट आपण दुसऱ्या कुणाकडून…"

"हो बाजूला," मी म्हटलं.

मी उभी राहिले. मला काय सुचलं, कसं सुचलं, विचारू नका. मी रागात होते, एवढं खरं. मी दोन्ही हात वर केले, हवेतच काहीतरी धरायला गेले. अर्धवट वळले. बसल्यासारखी झाले, बसता बसता घसरले, आणि कुशीवर आपटले. हनुवटी वर, हात मोकळा, थाप नाही, काही नाही. कोपर असं सणकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग मी हाताने चाचपडत चाचपडत नसलेला चष्मा शोधला, नाकावर चढवला, आणि म्हणाले, "आई गं."

हशा असा फुटला की काही विचारू नका. कॅमेऱ्यामागचा एक बुवा तर खुर्ची धरून खाली बसला. दिग्दर्शिकेच्या डोळ्यांतून पाणी आलं. "बाई! चष्मा! चष्मा कुठून आणलात?"

"घरून," मी म्हटलं.

कपडे बदलायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि मला रडू आलं. आपल्याच घरात चोरी केल्यासारखं वाटत होतं. तो माणूस जमिनीला भिऊन खुर्चीत बसलाय, आणि मी त्याचं पडणं चार लोकांपुढे करून दाखवून टाळ्या घेतल्या. त्या दिवशी घरी आल्यावर यांनी विचारलं, "आज?" मी म्हटलं, "जमलं." "कसं जमलं?" "जमलं म्हणजे जमलं. चहा घेणार का?"

कार्टून व्हायला फार वेळ लागतो. वर्ष गेलं, आणखी बरेच महिने गेले. पाणघोडा लागला एकदाचा. आणि त्या सकाळी मी आंघोळ करून येते तर हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पायांत घालून तयार.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? बायको सिनेमात आहे माझी. बघायला नको?"

मी कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस मी घसा सुकेपर्यंत सांगत होते, चला, जिन्यापर्यंत चला, कोपऱ्यापर्यंत चला. बहिणीच्या मुलीच्या लग्नाला आले नाहीत. जुन्या दोस्ताच्या साठीला आले नाहीत. आणि आता निघाले ते नेमके इथे!

"अहो, तिथे पायऱ्या आहेत."

"असू देत."

"गार असतं आत. पोरांचा गोंधळ असतो. घरी टीव्हीवर येईलच की पुढे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुला मी यायला नकोय का?"

मी टॅक्सी बोलावली.

थिएटरात आमच्या चहूबाजूंनी पोरं होती. सुरुवातीला हे मजेत होते. पाणघोड्याने लाथ मारली की मला कोपराने ढोसायचे, "तू ना? ही तू ना?" मी हो हो करत होते. मग बगळा आला. त्याने पाय उचलला.

पाणघोड्याने दोन्ही हात वर केले.

सगळं जसंच्या तसं होतं. वळणं, बसणं, घसरणं. वरून खडूंचा डबा पडला, पाणघोडा पांढराफटक झाला. पोरं किंचाळून हसत होती. त्याने चाचपडून चष्मा शोधला, नाकावर ठेवला, आणि कुणा मोठ्या नटाच्या आवाजात म्हणाला, "आई गं." पुढच्या रांगेतली एक मुलगी हसता हसता सीटवरून खाली गेली.

हे हसले नाहीत. मी तिरक्या नजरेने पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. उरलेल्या सिनेमात मला एकदाही ढोसलं नाही. लांडगे हरले कधी, गाव वाचलं कधी, मला काही कळलं नाही. नावं वर सरकत असतानाच दिवे लागले, त्यामुळे माझं नाव दिसलंच नाही. त्याचंही तेव्हा काही वाटलं नाही.

पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला होता. पोरं आजूबाजूने धडाधडा खाली चालली होती. मधेच ते थांबले.

"मी होतो तो."

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं. मला दुसरं सुचलंच नाही हो. तुम्हाला सांगणार होते, पण…"

"असा पडलो मी?"

"असेच."

"चष्मासुद्धा?"

"चष्मासुद्धा."

मागून येणारे वळसा घालून जात होते. मला वाटलं, आता हे कायमचे खुर्चीत बसणार, आणि ते माझ्यामुळे.

"लोक हसले की गं," ते म्हणाले. "मला इतके दिवस वाटत होतं, काहीतरी फार भयंकर झालं होतं."

मी नुसती मान हलवली.

"आणि तो उठला. ते उठणं कुणाचं?"

"ते माझं."

"वाटलंच," ते म्हणाले आणि एक पायरी उतरले. "हे एवढे हात वर करून मूर्खासारखा काय धरत होतो मी?"

"शिडी."

यावर मात्र त्यांना हसू आलं. कठडा धरून हसले, चांगले गदागदा हसले. मला वाटलं, आता इथेच पडतात.

टॅक्सीवाल्याला त्यांनी घराचा पत्ता दिला नाही. माझ्या वर्गाचा दिला. मी म्हटलं, "अहो, आज सुट्टी आहे, कुणी नसेल तिथे." म्हणाले, "म्हणूनच."

कुलूप काढलं, दिवे लावले. मॅटला तोच तो घामाचा आणि रबराचा वास. त्यांनी दारात बूट काढले. खाली बसायला त्यांना इतका वेळ लागला, आणि बसताना मला इतकं बोलले, की मी दोनदा म्हटलं, राहू दे, घरी जाऊ. "गप्प बस. पोरांना म्हणतेस का असं?"

मग पाठीवर निजवलं. पहिला धडा निजूनच असतो. इस्त्रीचा शर्ट चुरगळला. मी त्यांच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले आणि जन्मभर जे सांगत आले ते सांगितलं. हनुवटी छातीशी. पाठ गोल. हात असा, अंगापासून जरा लांब, तळवा खाली. आणि थाप जोरात.

"थांब," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच चष्मा काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. "आधी हा सांभाळ."

मग हात उचलून त्यांनी मॅटवर थाप मारली. आवाज अगदीच बारीक झाला.

"पुन्हा," मी म्हटलं.