खिळ्यावरच्या बारा किल्ल्या

नगररचना कार्यालयाचं पाकीट आलं तेव्हा दादा काउंटरमागे वाचत बसले होते. पुस्तकात बोट ठेवूनच त्यांनी पाकीट फोडलं, आतला अहवाल वाचला आणि बोट कधी निसटलं ते त्यांना कळलंही नाही. चौदा खोल्यांच्या या लॉजमध्ये सरासरी बारा खोल्या रिकाम्या असतात, सबब धंदा जवळजवळ बंद पडलेला आहे, तरी इमारत पाडून तिथे तीस घरं बांधण्यास हरकत दिसत नाही, असं त्यात लिहिलं होतं.

छापलेल्या अक्षरावर दादांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास. ते हळूच उठले, वर गेले आणि जवळच्या जोडकिल्ल्यांनी चार दारं किलकिली करून आत डोकावले. चारही खोल्यांत बॅगा होत्या. एकीत खिडकीला कुणाचे तरी मोजे वाळत होते.

"काय शोधताय?" जिन्यात वहिनी उभ्या होत्या. त्या दादांच्या बायको, पण येणाराजाणारा सगळा लॉज त्यांना वहिनीच म्हणे.

"आपल्या बारा खोल्या रिकाम्या आहेत म्हणे."

"मग रोज सकाळी मी चादरी कुणाच्या धुते? भुतांच्या?"

दादांनी कागद पुढे केला. वहिनींनी तो उभ्या उभ्या वाचला आणि शेवटच्या ओळीवर त्या थांबल्या. 'वरील माहिती बरोबर आहे.' खाली धाकट्याची सही होती.

धाकटा म्हणजे दादांचा सख्खा भाऊ. लॉज दोघांच्या नावावर. पंधरा वर्षांपूर्वी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आणि यंदा त्याने आपला अर्धा वाटा बिल्डरला देऊन टाकला. दादा नाही म्हणत राहिले. पण धंदा मेलाय असं एकदा कार्यालयाने मान्य केलं, की दादांच्या नाहीला कुणी विचारणार नव्हतं. सुनावणी परवावर आली होती.

"पाहणीला आलेला तो गृहस्थ वर एकदा तरी गेला होता का?" वहिनींनी विचारलं.

दादा आठवू लागले. पाच दिवस, रोज दुपारी बाराला यायचा. दिलेला चहा प्यायचा, इथेच काउंटरपाशी उभा राहून भिंतीकडे बघायचा आणि वहीत आकडा टिपायचा. दादांनी भिंतीकडे मान वळवली. फळीवरच्या चौदा खिळ्यांपैकी बारांवर किल्ल्या लटकत होत्या.

"अगं," ते म्हणाले, "त्याने किल्ल्या मोजल्या."

वडिलांनी लावून दिलेली पद्धत होती. पाहुणा बाहेर पडला, की स्वतःच्या हाताने आपली किल्ली खिळ्याला लावायची. खोली रिकामी असेल, तर तिची किल्ली ड्रॉवरमध्ये. इस्पितळातल्या नर्सा, रुग्णांचे नातेवाईक, यंत्रांचे सुटे भाग विकणारे फिरते लोक, दुपारी बाराला यातलं कोण खोलीत असणार? रात्रपाळीच्या नर्साही तोवर उठून जेवायला बाहेर पडलेल्या. खिळे भरलेले, म्हणजे लॉज भरलेला. दोन खोल्यांचं छत गळत होतं म्हणून त्या बंद होत्या, त्यांचे खिळे मोकळे. त्या तेवढ्या त्या माणसाने भरलेल्या धरल्या होत्या.

"त्याचं एक ठीक आहे, परका माणूस," वहिनी म्हणाल्या. "पण धाकटे भाऊजी? या फळीखाली अभ्यासाला बसायचे ते. परवा सगळ्यांसमोर विचारा त्यांना."

"मला चारचौघांत बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

"मग लिहून न्या आणि वाचा. वाचता तर येतं ना? जन्मभर दुसरं केलंय काय?"

दादांनी चार पानं लिहिली, तीन फाडली. उरलेल्या पानावरही त्यांचा फारसा भरवसा नव्हता.

सुनावणीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं. एका टोकाला अधिकारी, एका बाजूला बिल्डर आणि धाकटा, समोर दादा आणि वहिनी. बिल्डर छान बोलला. तीस कुटुंबांना घरं मिळणार आहेत, लोकांनी राहायचं कुठे, असं त्याने विचारलं. दादांना ते पटलं, आणि पटलं म्हणून त्यांना जास्तच घाम फुटला. उभे राहिले तर हातातल्या कागदावरची पहिली ओळच सापडेना.

"घरं बांधा," ते कसंबसं म्हणाले. "माझं भांडण घरांशी नाही. पण आमच्या खोल्या रिकाम्या नाहीत. हवं तर रजिस्टर बघा."

"रजिस्टर ते स्वतःच लिहितात, साहेब," बिल्डर हसून म्हणाला. "मनाला येईल ते लिहितील."

दादांनी कागद खाली ठेवला. टेबलापलीकडे बघून त्यांनी, लहानपणी पाढे विचारायचे त्या सुरात, विचारलं, "धाकट्या, किल्ली खिळ्यावर असली म्हणजे पाहुणा कुठे?"

"बाहेर," धाकटा म्हणाला.

विचार करायच्या आत तोंडातून निघून गेलं. बिल्डरने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो टेबलाखाली काहीतरी शोधू लागला.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. मग पाहणी करणाऱ्याला बोलावून ती नेमकी कशी केली, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि उद्या सकाळी सहाला, खोलीखोलीत जाऊन फेरमोजणी करा, असं लिहून दिलं.

बाहेर व्हरांड्यात बिल्डरने दादांना गाठलं. "एका मोजणीने काही थांबत नाही, दादा. तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर तुमच्या नावाने ठेवतो. जिना चढायलाही नको."

"जिना मी रोज बारा वेळा चढतो," दादा म्हणाले. "पुढे हरलो तर हरू. पाडायचंच असेल तर चालतं लॉज पाडताय असं लिहून पाडा. मेलेलं म्हणून पाडू देणार नाही. आणि सही मिळणार नाही. आज नाही, उद्याही नाही."

बिल्डर फोन कानाला लावून निघून गेला. धाकटा मागे रेंगाळला.

"दादा, सही करताना मला खरंच आठवलं नव्हतं."

"पंधरा वर्षांत एकदा मुक्कामाला आला असतात तर आठवलं असतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

भाऊ खरं बोलतोय की खोटं, हे दादांना ठरवता येईना, आणि आज ते ठरवायची त्यांना गरजही वाटली नाही.

"उद्या सहाला तू ये," ते म्हणाले. "दारं तूच ठोठावायची. साखरझोपेतून उठवलेला माणूस शिव्या घालतो. खाशील तितक्या मोज आणि त्या आकड्याखाली सही कर."

धाकट्याने मान हलवली.

"आणि नऊ नंबरला आधी ठोठाव," वहिनी म्हणाल्या. "त्या बाई रात्रपाळी करून पाचला झोपतात."