वळचणीचे दिवे

वीज आली आणि वस्ती चौकाकडे धावली. झेंडूची क्रेटं अर्धवट भरलेली राहिली, म्हशी दाव्याला ओरडत राहिल्या. मखमलाबाद रस्त्यालगतच्या या फुलमळ्यांत त्या वर्षी लोडशेडिंग संपलं की रोज संध्याकाळी खंडेराव महाराजांचा चमत्कार व्हायचा.

महाराज चौकातल्या देवळाच्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते. "आज देवी आई नवसाबाईच्या घरी बसणार. मला दिसतंय. गडावरून निघाली. दिंडोरी ओलांडली. ढकांब्याला आली. आता म्हसरूळला वळली."

"यष्टीनं आली का महाराज?" मागून कुणीतरी विचारलं. बायांनी वळून असे डोळे वटारले की तो गर्दीत बुडी मारून गेला.

महाराजांनी मंत्र सुरू केला. तो संपत आला तसा टोकाच्या घराच्या वळचणीला टांगलेल्या करड्या डब्यावर हिरवा ठिपका पेटला. मग पुढच्या घरच्या डब्यावर, मग त्याच्या पुढच्या. ठिपके गल्लीतून धावत आले आणि नवसाबाईच्या डब्यावर लाल दिवा लागून थांबले. गर्दीने हात जोडले.

नवसाबाईची नात दिशा हिला फिट यायच्या. सिव्हिलच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या थांबल्या होत्या. महाराजांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता गोळ्या बंद. आईसमोर गोळ्या खायच्या म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी आपलाच डबा उघडून बसायचं."

"बंद केल्या महाराज," नवसाबाई म्हणाली. दिशाची आई मनीषा सासूच्या मागे उभी होती.

गर्दीच्या कडेला खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस उभा होता. ललित भालेराव. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा, तेही बरेचदा फळ्याकडे तोंड करून. ते डबे त्यानेच टांगले होते. तारेशिवाय एका घरचा निरोप दुसऱ्या घरी कसा पोचतो, मध्ये कुठे हरवतो, हे त्याला तपासायचं होतं. वस्तीवरच्या शाळेच्या खोलीतला त्याचा कॉम्प्युटर वीज आली की आपोआप सुरू व्हायचा आणि ललितने लिहून ठेवलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, चालू व्हायची. पहिल्या डब्यातला प्रोग्रॅम सुरू कर, मग दुसऱ्यातला, निरोप अमुक घरी पोचव, नोंद ठेव. रोज शिडी चढायला नको, खालूनच दिसावं म्हणून प्रत्येक डब्यावर त्याने एक दिवा बसवला होता: निरोप पुढे गेला की हिरवा, मुक्कामी पोचला की लाल. आता त्या डब्यांना हळद-कुंकू लागलं होतं, आणि अँटेनावर झेंडूच्या माळा होत्या.

"ते... ते माझं आहे," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मग जरा मोठ्याने, "तो प्रयोग आहे. देवी नाही त्यात."

महाराजांनी एक डोळा उघडला. "मास्तर, डबा तुमचा. मान्य. पण आज कुणाच्या घरी लाल लागणार हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का?"

ललितला खरंच ठाऊक नव्हतं. एकदा लिहिल्यावर रोज कोण बघतो? लोक हसले आणि तो शिडी घेऊन निघाला.

नाशिक रोडच्या घरी जेवताना त्याच्या लक्षात आलं. निरोप कुणाच्या घरी पोचायचा ते स्क्रिप्ट रोज बदलत होती, पण क्रमाने. तो क्रम गल्लीचा नव्हता. डबे टांगायच्या दिवसांत ज्या घरी चहाला बोलावलं तिथे तो आधी शिडी लावायचा, आणि तसेच नंबर पडत गेले होते. वरवर बघणाऱ्याला त्यात काही मेळ दिसला नसता. महाराजांनी मात्र एक पूर्ण फेरी ओट्यावर बसून पाहिली होती आणि घरं पाठ केली होती. मंत्राची लांबीही बेतून घेतली होती, वीज आल्यापासून पहिला दिवा लागेपर्यंत पुरेल अशी. देवळाजवळ राहून इतकं नीट निरीक्षण करणारा माणूस प्रयोगशाळेत असता तर, असं ललितच्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी वीज यायच्या आधी तो लॅपटॉप घेऊन चौकात हजर झाला. वीज आली तसं महाराजांनी जाहीर केलं, "आज फुलाबाईच्या घरी."

फुलाबाई पदर सावरून दारात उभी राहिली. मंत्र झाला. ठिपके धावले, फुलाबाईच्या दारावरून सरळ पुढे गेले आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर लाल दिवा लागला.

"आई पाणी प्यायला गेली आसंल," कालचाच आवाज म्हणाला.

"रुसली. कुणाचा तरी विटाळ आहे," महाराज म्हणाले.

"क्रम मी बदलला आहे," ललित म्हणाला. या वेळी तो थांबला नाही. "कुणीही घर सांगा. आत्ता."

घरं सांगितली गेली. तो टाइप करत गेला आणि दिवे सांगितल्या घरी जाऊन थांबत राहिले. त्याने क्रमाची गोष्ट सांगितली, मंत्राच्या लांबीची सांगितली. लोक लॅपटॉपभोवती गोळा झाले. महाराज मोटरसायकलला किक मारून केव्हा गेले ते कुणाला कळलंही नाही.

ललितला वाटलं, जमलं. एवढ्यात नवसाबाई पुढे आली आणि त्याच्या पायांशी वाकली.

"त्याला नुसतं दिसत व्हतं. तुमचं तर आई ऐकती, सर. पोरीवर तुमीच हात ठिवा."

"आजी, कुणी ऐकत नाही. यंत्र आहे ते."

"मग यंत्राला सांगा. दिवा आमच्या घरावर थांबवा, म्हंजी गोळी चालू करते. आजच."

मनीषा त्याच्याकडे बघत होती. एक ओळ टाइप करायची होती, बस. ललितची बोटं बटणांवर होती. पण उद्या डबा बिघडला तर? परवा माळेने सिग्नल अडला, तर पोरीची गोळी पुन्हा बंद? "दिवा लागो न लागो, गोळी द्या," तो म्हणाला. "आजी, हात जोडतो."

"नाय म्हंजी तुमच्यातबी काय नाय," नवसाबाई म्हणाली. सकाळी ती नातीला जीपमध्ये घालून कळवणकडच्या कुणा भगताकडे निघाली. वणीच्या अलीकडे दिशाला फिट आली. ती थांबेना. जीपमधल्यांनी चप्पल हुंगवली, अंगारा लावला. जीप माघारी फिरून सिव्हिलला पोचली तोवर फार वेळ गेला होता. दिशा वाचली. पण आता ती आईला ओळखत नाही.

वॉर्डाबाहेर मनीषा ललितला म्हणाली, "येक दिवा लावला असता सर, तर काय बिघडलं असतं?"

त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते त्या आईसमोर म्हणण्याजोगं नव्हतं. त्या आठवड्यात त्याने सगळे डबे काढून नेले. सरांची शक्ती गेली, असं वस्तीत बोललं गेलं.

त्याचं बोलायचं राहिलं, ते इथे सांगायला हवं. दिवा कुणाच्या घरी थांबावा हे माणूस ठरवतो, आणि दिव्याला पोरीच्या मेंदूतलं काहीही कळत नाही. कुणी आधीच सांगून चमत्कार दाखवत असेल, तर आयत्या वेळी घर बदलायला सांगा आणि काय होतं ते बघा. पण गोळी त्याआधी द्या. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. परीक्षा महाराजांची घ्यायची असते, लेकराची नाही.